वंशावळींत न लिहिलेला रोग

वंशावळ जपण्याची हौस महाराष्ट्रांतील घराण्यांना फार जुनी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आजा-पणजांचीं नांवें निघतात. दक्षिण महाराष्ट्रांत व कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी घरोघर येऊन पिढ्यांची माळ म्हणून दाखवितात. विसाव्या शतकांत तर अनेक शिकल्यासवरल्या घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापून काढले. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून आला, इनाम कोणी मिळविलें, वकिली कोणी केली, हें सर्व त्यांत सांपडतें. परंतु एक गोष्ट बहुधा सांपडत नाहीं. कोण कशानें वारला आणि त्या वेळीं त्याचें वय काय होतें, हें त्यांत क्वचितच लिहिलेलें असतें. ‘अल्पशा आजारानें कालवश झाले’ एवढ्या चार शब्दांत मृत्यूची बोळवण केलेली असते.

ही उणीव केवळ इतिहासाची नव्हे. जठर, लहान आंतडें, मोठें आंतडें व गुदाशय ह्या पचनमार्गाच्या कर्करोगांपैकीं कांहीं प्रकार वंशपरंपरेनें येतात. आणि ते ओळखण्याचें पहिलें साधन इस्पितळांतील यंत्र नसून घरांतील वंशावळ हेंच आहे. ती नीट लिहिलेली असेल, तर तिच्यावरून पुढच्या पिढीचे प्राण वांचूं शकतात. ती अर्धवट असेल, तर एकाच घरांत तोच रोग पुनःपुन्हां नव्यानें येतो, आणि प्रत्येक वेळीं घरांतील मंडळी त्याला दुर्दैव म्हणून मोकळीं होतात.

वंशावळीवरून हा रोग कसा ओळखला गेला, ती हकीकत मनोवेधक आहे. इ. स. १८९५ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत आल्ड्रेड वार्थिन नांवाचे विकृतिशास्त्रज्ञ काम करीत असत. त्यांच्याकडे शिवणकाम करणारी एक बाई फार खिन्न दिसली. कारण विचारतां तिनें सांगितलें कीं, आपणही लवकरच मरणार. आपल्या घराण्यांतील बहुतेक माणसें जठराच्या, आंतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानें गेलीं, तीच आपली वाट. वार्थिन ह्यांनीं तिची नुसती समजूत घालून तिला परत पाठविलें नाहीं. त्यांनीं तिच्या घराण्याची वंशावळ मांडावयास घेतली आणि १९१३ सालीं ती प्रसिद्ध केली. त्या बाईचें भाकित दुर्दैवानें खरें ठरलें. ती पुढें गर्भाशयाच्या कर्करोगानेंच वारली. वार्थिन ह्यांच्या कामाकडे कित्येक वर्षें कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. नंतर ओमाहा येथील हेन्री लिंच ह्या वैद्यानें तशींच दुसरीं घराणीं शोधून काढलीं व १९६६ सालीं त्यांचा वृत्तांत छापला. आज ह्या व्याधीला त्यांच्याच नांवावरून ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. १९९३ सालीं तिच्या मुळाशीं असलेला एक जनुक सांपडला, आणि पुढें त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यांतही त्याच जनुकांत दोष असल्याचें सिद्ध झालें. एका सामान्य बाईनें आपल्या आप्तांच्या मरणांविषयीं जें जाणलें होतें, तें शास्त्राला कळावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

आतां ‘आनुवंशिक’ ह्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण ह्याच शब्दानें पुष्कळ घबराट उडते. पहिली गोष्ट अशी कीं, मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचे शंभर रोगी घेतले, तर त्यांपैकीं सुमारें पांचांच्या मुळाशींच असा एखादा स्पष्ट जनुकदोष असतो. बहुतेकांचा रोग वयोमानानें, राहाणीमुळें किंवा इतर कारणांनीं झालेला असतो. घरांत एका सत्तरीच्या गृहस्थाला हा रोग झाला, म्हणजे घराण्याला शाप लागला असें मुळींच नव्हे. दुसरी गोष्ट अशी कीं, आईबापांकडून मुलाला कर्करोग मिळत नाहीं. मिळते ती रोगाला वाट करून देणारी एक उणीव. ही उणीव कोणती, हें छापखान्याच्या उदाहरणानें सहज ध्यानांत येईल.

आपल्या आंतड्याच्या आंतील अस्तराच्या पेशी थोड्या थोड्या दिवसांनीं झडतात आणि त्यांच्या जागीं नव्या पेशी येतात. नवी पेशी होतांना जुन्या पेशींतील सर्व मजकुराची नक्कल करावी लागते. मजकूर प्रचंड, जुळणी घाईची. तेव्हां कोठें अक्षर चुकतें, कोठें शब्द दुणावतो. म्हणून निसर्गानें मुद्रितशोधक नेमले आहेत. ते प्रत्येक नक्कल वाचतात व चूक दिसतांच ती दुरुस्त करतात. ह्या दुरुस्तीचें काम ज्या जनुकांकडे असतें, त्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यापाशीं असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. लिंच सिंड्रोम असलेल्या माणसांत त्यांपैकीं एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी प्रत चांगली असेपर्यंत काम चालतें. परंतु आयुष्यांत केव्हां तरी आंतड्याच्या एखाद्या पेशींत ती दुसरीही बिघडली, म्हणजे त्या पेशीला मुद्रितशोधक उरत नाहीं. मग चुकांवर चुका साचत जातात आणि त्यांतूनच कर्करोग उद्भवतो.

ह्या एका उदाहरणावरून तीन गोष्टींचा उलगडा होतो. अशा घराण्यांत रोग लहान वयांत, पुष्कळदां पन्नाशीच्या आंत कां दिसतो? कारण दोन प्रतींपैकीं एक आधींच बिघडलेली असते. एकाच माणसाला दोन वेळां किंवा दोन ठिकाणीं कर्करोग कां होतो? कारण उणीव शरीरांतील प्रत्येक पेशींत असते. आणि प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याचा संभव निम्मा कां? कारण आई किंवा बाप दोन प्रतींपैकीं एकच प्रत मुलाला देतात. चांगली गेली कीं बिघडलेली, हें नाणें उडविण्यासारखें आहे. ज्या मुलाला चांगली प्रत मिळाली, त्याच्यापुढें हा दोष जात नाहीं; त्याच्या मुलाबाळांना त्यापासून कांहीं भय नाहीं.

लिंच सिंड्रोम हें वाटतें तितकें दुर्मिळ नाहीं. पाश्चात्य देशांतील संशोधनाप्रमाणें सुमारें तीनशें माणसांमागें एकाच्या ठिकाणीं असा दोष असावा, असा अंदाज आहे. त्यांतील अधिक उग्र प्रकारांत मोठ्या आंतड्याचा कर्करोग होण्याचा आयुष्यभराचा संभव जवळजवळ निम्म्यापर्यंत जातो. स्त्रियांना त्याशिवाय गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. बीजकोश, जठर, लहान आंतडें व मूत्रवाहिनी ह्यांनाही हा रोग गांठतो. म्हणून ‘आईला गर्भाशयाचा झाला, मामाला आंतड्याचा, दोन्ही वेगळे’ असें म्हणून भागत नाहीं. झाड एकच असूं शकतें, फांद्या मात्र निराळ्या.

ह्याहून विरळ, पण अधिक भयंकर असा दुसरा प्रकार आहे. त्यांत मोठ्या आंतड्याच्या अस्तरावर शेंकडों, कधीं हजारों मांसांकुर उगवतात. मुलगा किंवा मुलगी बारा-पंधरा वर्षांची होते न होते, तोंच ते दिसूं लागतात. आणि उपचार न केल्यास चाळिशीच्या आसपास त्यांतील एखाद्याचा कर्करोग होणें जवळजवळ ठरलेलें असतें. लंडनच्या सेंट मार्क्स इस्पितळानें १९२४ पासून अशा कुटुंबांची नोंदवही ठेवली, आणि त्याच्या मुळाशीं असलेला ‘एपीसी’ नांवाचा जनुक १९९१ सालीं सांपडला. ह्या प्रकारांत दहा-बारा वर्षांच्या वयापासूनच दरवर्षीं किंवा वैद्य सांगेल त्या अंतरानें तपासणी करावी लागते, आणि योग्य वेळीं मोठें आंतडें शस्त्रक्रियेनें काढून टाकावें लागतें. उपाय कठोर खरा, पण तो केलेलीं माणसें पुढें संसार, नोकरी सर्व कांहीं करतात. ह्या रोग्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शाच्या घरीं पूर्वीं कोणालाच रोग नसतो. दोष त्यांच्यापासूनच नव्यानें सुरू होतो. तेव्हां ‘आमच्या घराण्यांत असें कांहीं नव्हतें’ हें उत्तर नेहमींच पुरेसें नसतें.

जठराच्या कर्करोगाचाही एक आनुवंशिक प्रकार आहे. त्याचा जनुक १९९८ सालीं न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या आधारें सांपडला. त्या कुटुंबांतील मंडळींनीं स्वतः पुढें होऊन संशोधकांना आपली वंशावळ दिली होती. ह्या उदाहरणांतही आरंभ घरांतूनच झाला, हें विसरतां कामा नये.

मराठवाडा व दक्षिण महाराष्ट्र ह्या भागांत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल कित्येक घराण्यांत आहे. तिच्यासंबंधानें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. मांसांकुरांचा एक प्रकार असा आहे कीं, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच तो होतो. आईबाप स्वतः निरोगी असून दोघेही बिघडलेली प्रत बाळगणारे असतात. वधूवर एकाच आजोबांचीं नातवंडें असलीं, म्हणजे तोच दोष दोघांपाशीं असण्याचा संभव वाढतो. लिंच सिंड्रोमच्या घराण्यांत असें लग्न झालें आणि दोन्ही बाजूंनीं दोष आला, तर मुलाला बाळपणींच कर्करोग होऊं शकतो. ज्या घराण्यांत हा रोग आहे, तेथें नात्यांत सोयरीक जुळविण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला घेणें हें कुंडली पाहाण्याइतकें तरी महत्त्वाचें मानलें पाहिजे.

येथें कोणी विचारील कीं, रोग अगोदर कळून उपयोग काय? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार धाराशिव जिल्ह्याला जितका आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याला असेल. १९८७ सालीं बार्शी येथें भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी तालुक्याबरोबरच त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील भूम व परंडा हे तालुके तिच्या कक्षेंत होते. खेड्यांत इस्पितळाचे कागद कोठून मिळणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव फिरले, लोकांना रोगाचीं लक्षणें समजावून सांगितलीं, संशयित रोग्यांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळांत आणलें. परिणाम असा झाला कीं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचाराला येऊं लागल्या. नुसत्या बोलण्यानें, नुसत्या विचारपुशीनें एवढें घडलें.

त्यानंतर १९९९ सालीं ह्याच जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग सुरू झाला. मुंबईचें टाटा स्मारक इस्पितळ, बार्शीचें इस्पितळ आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्था ह्यांनीं तो चालविला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत सामील झाल्या. खेड्यांचे ५२ गट पाडून त्यांतील कांहींत निरनिराळ्या रीतींनीं गर्भाशयमुखाची तपासणी झाली व कांहींत नेहमींचीच व्यवस्था ठेविली गेली. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी जेथें एकदांच केली होती, तेथें ह्या कर्करोगानें होणारे मृत्यू सुमारें निम्म्यानें घटले होते. ज्यांना कसलीही तक्रार नव्हती अशा शेतकरी, मजूर बायांनीं तपासणीला होकार दिला, म्हणून साऱ्या जगाला हा धडा मिळाला.

गर्भाशयमुखाचा कर्करोग विषाणूमुळें होतो. तो येथें वर्णिलेल्या आनुवंशिक रोगांपैकीं नव्हे. परंतु तक्रार सुरू होण्यापूर्वीं रोग गांठला तर माणूस वांचतो, हा धडा आंतड्यालाही तंतोतंत लागू पडतो. फिन्लंडमधील वैद्यांनीं लिंच सिंड्रोमच्या २२ कुटुंबांतील २५२ माणसांवर सुमारें १५ वर्षें लक्ष ठेविलें. त्यांपैकीं १३३ जणांनीं साधारण दर तीन वर्षांनीं दुर्बिणीनें मोठें आंतडें तपासून घेतलें. ११९ जणांनीं घेतलें नाहीं. तपासणी करून घेणाऱ्यांत ८ जणांना आंतड्याचा कर्करोग झाला, पण त्यानें एकही मृत्यु झाला नाहीं. न घेणाऱ्यांत १९ जणांना तो झाला आणि ९ जण त्यानें मरण पावले. मांसांकुर दिसतांच दुर्बिणीच्या टोकाशीं असलेल्या फासानें तो तेथल्या तेथें काढतां येतो, हें ह्या यशाचें रहस्य आहे. लिंच सिंड्रोममध्यें मांसांकुराचा कर्करोग होण्यास पुष्कळदां दोन-तीन वर्षेंच पुरतात. म्हणून उग्र प्रकारांत वीस ते पंचवीस वर्षांच्या वयापासून दर वर्षा-दोन वर्षांनीं ही तपासणी करावी, असा आजचा सल्ला आहे. सौम्य प्रकारांत ती कांहीं वर्षें उशिरा सुरू केली तरी चालते.

मग सुरुवात कोठून करावी? वैद्यांनीं १९९० च्या सुमारास ॲम्स्टरडॅम येथें एक सोपी खूण ठरविली. ती कोणत्याही घरांत पाठ व्हावी अशी आहे: तीन, दोन, एक. जवळच्या नात्यांतील तीन माणसांना हा रोग. त्यांपैकीं एक दुसऱ्या दोघांचें आईबाप, भावंड किंवा अपत्य. तीं सलग दोन पिढ्यांतलीं. आणि त्यांपैकीं एकाला तरी पन्नाशीच्या आंत झालेला. पुढें १९९९ सालीं ह्या मोजणींत गर्भाशयाच्या अस्तराचा, लहान आंतड्याचा व मूत्रवाहिनीचाही कर्करोग धरण्यांत आला. मात्र कुटुंबें लहान झालीं आहेत, दोनच मुलें असलेल्या घरांत तीन रोगी कोठून सांपडणार? यास्तव आज एवढ्यावर अडून राहात नाहींत. पन्नाशीच्या आंत एकालाही आंतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला असेल, एकाच माणसाला असे दोन कर्करोग झाले असतील, किंवा तपासणींत दहा-वीस मांसांकुर निघाले असतील, तरीही वैद्याला विचारावें.

जिवंत असलेल्या रोग्यापासून शोधाला आरंभ करणें सर्वांत सोयीचें. त्याच्या शस्त्रक्रियेंत काढलेल्या गांठीचा मेणांत बसविलेला ठोकळा प्रयोगशाळेंत जपलेला असतो. त्यावरूनच ‘मुद्रितशोधक’ जागेवर आहे कीं नाहीं हें तपासतां येतें. संशय आल्यास त्याच्या रक्तांतील जनुक तपासतात. नेमका दोष एकदां सांपडला, म्हणजे भावंडांची व सज्ञान मुलांची तपासणी सोपी होते: तोच दोष आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. ज्यांना तो नाहीं, त्यांची कायमची काळजी मिटते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रांत अशा कुटुंबांना सल्ला देणारा स्वतंत्र विभाग आहे. धाराशिव, बार्शीकडील मंडळींना तेथें जाण्याची वाट जवळच्या इस्पितळांतील कर्करोगतज्ज्ञ दाखवूं शकतात. सल्ला न घेतां आपल्याच मनानें तपासण्या करीत सुटूं नये. रोज ॲस्पिरिन घेतल्यास लिंच सिंड्रोममध्यें धोका कमी होतो असें प्रयोगांती दिसलें आहे. पण तिनें पोटांत रक्तस्राव होऊं शकतो, म्हणून तीही वैद्याच्या आज्ञेशिवाय घेऊं नये. आणि ज्याच्या घराण्यांत हा रोग आहे, त्यानें शौचावाटे पडणारें रक्त मूळव्याधीचें समजून महिनोन्महिने अंगावर काढूं नये.

ह्या वाटेंत सर्वांत मोठा धोंडा आहे तो लज्जेचा. मुलीचें लग्न व्हावयाचें आहे, सोयऱ्यांना कळूं नये, म्हणून रोगाचें नांव घेत नाहींत. ‘पोटाचें दुखणें’ म्हणून सांगतात. ज्या मुलीच्या लग्नासाठीं हें लपवावयाचें, तीच मुलगी कदाचित् तो दोष घेऊन सासरीं जाते, आणि तिशी-चाळिशींत तिला रोग झाला म्हणजे तेथील वैद्याला तिच्या माहेरचें कांहींच ठाऊक नसतें. छापील कुलवृत्तांतांतही लेकी बहुधा लग्नापुरत्याच येतात व पुढें दिसेनाशा होतात. रोगाला मात्र आडनांव कळत नाहीं. तो लेकीकडून नातवाकडे तितक्याच सहज जातो, जितका मुलाकडून. तेव्हां आजोळची बाजू सोडून मांडलेली वंशावळ ह्या कामीं अर्धीच होय.

वस्तुतः ह्या कामाचा सांचा पुष्कळ घरांत तयारच आहे. भाद्रपदांतील पितृपक्षांत ज्या घरीं तर्पण होतें, तेथें बापाकडच्या तीन पिढ्या आणि आईकडच्या तीन पिढ्या नांवानिशीं उच्चारल्या जातात. चुलते, मामा, आत्या, मावश्या, भावंडें ह्यांचींही नांवें घेतलीं जातात. तींच नांवें एका कागदावर उतरावीं. ज्या घरीं हा विधि नाहीं, तेथें वडीलधाऱ्यांजवळ बसून तीं विचारून घ्यावीं. प्रत्येक नांवापुढें दोन रकाने ओढावे: रोग कोणता, आणि तो कळला तेव्हां वय काय. नक्की ठाऊक नसेल तेथें ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणून लिहावी. ‘पोट फुगलें होतें’, ‘अन्न उतरत नसे’, ‘रक्त पडत असे’ एवढेंही वैद्याला उपयोगी पडतें. जुने तपासणीचे कागद फेकून देऊं नयेत. वृद्ध आत्या किंवा मावशी घरांत असेल, तर हें काम ह्याच वर्षीं करावें. तिला जें आठवतें, तें दुसऱ्या कोणालाही आठवत नाहीं. आणि त्या कागदाची एकेक प्रत प्रत्येक भावाला व प्रत्येक बहिणीला द्यावी.